सरांना वायू चढत नाही

एकाच दिवशी, एकाच यंत्रातून, एकाच प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्के नायट्रस ऑक्साइड आणि साठ टक्के ऑक्सिजन, दोन माणसांना वायू देण्यात आला. सकाळी साडेदहाला नऊ वर्षांच्या एका मुलीला. चौथ्या मिनिटाला तिची नाडी ११२ वरून ८४ वर आली आणि आपले पाय खुर्चीपेक्षा लांब झाले आहेत, असे तिने हसत हसत सांगितले. साडेअकराला अठ्ठावन्न वर्षांच्या एका गृहस्थांना; अठराव्या मिनिटाला त्यांची नाडी ९६ वरून १२४ वर गेली होती आणि भिंतीवरचे घड्याळ दोन मिनिटे मागे आहे, असे त्यांनी मला बजावले. घड्याळ खरोखरच दोन मिनिटे मागे होते.

मी दातांची डॉक्टर आहे आणि यंत्र माझ्या दवाखान्यातले. ते गृहस्थ शहराच्या तलावावर गेली चौतीस वर्षे पोहायला शिकवतात. त्यामुळे शहरातली निम्मी माणसे त्यांना 'सर' म्हणतात आणि उरलेली निम्मी पाण्यात उतरत नाहीत. त्यांच्या पत्नीने मला शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. त्या निवृत्त झाल्या, मी डॉक्टर झाले, पण आमच्या नात्याला त्यामुळे बढती मिळाली नाही. मी त्यांना 'बाई' म्हणते आणि त्या मला अजूनही फळ्यापाशी उभे केल्यासारखे प्रश्न विचारतात.

प्रश्न सरांच्या डावीकडच्या खालच्या दाढेचा होता. आतली नस मेली होती, मुळाच्या टोकाशी पू साठत होता आणि दोन महिन्यांत दोनदा गाल सुजून वर आला होता. दोन्ही वेळा गोळ्यांनी सूज उतरली. पण गोळ्यांनी सूज उतरते, दाढ बरी होत नाही. उजवीकडच्या दोन दाढा सरांनी आधीच्या वर्षांत अशाच टाळाटाळीत घालवल्या होत्या. किडून किडून त्यांचे तुकडे पडले आणि त्या आपल्याआपण गेल्या. आता त्यांच्या तोंडात समोरासमोर भेटणाऱ्या दाढांची एकच जोडी उरली होती आणि ही दाढ त्यातलीच. ती फुटली तर पुढचे आयुष्य खिमट, पेज आणि कुस्करलेल्या केळ्यांवर.

रूट कॅनल करायचे म्हणजे आधी इंजेक्शनने भूल द्यायची, मग दाढ उघडून मुळांतल्या नळ्या साफ करायच्या आणि बुजवायच्या. सरांची गाडी इंजेक्शनापाशी अडत होती.

पहिल्या खेपेला मी वायू वापरलाच नव्हता. सिरिंज हातात घेतली तेव्हा सर शांतपणे उठले, "जरा आलोच," म्हणाले आणि गळ्यात बांधलेल्या निळ्या कागदी फडक्यासकट जिना उतरून थेट घरी गेले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

"तुझं फडकं आमच्याकडे आलंय," त्या म्हणाल्या. "पेशंट परत हवा असेल तर काहीतरी उपाय काढ."

"बाई, सर घाबरतात."

"ते तू त्यांना सांग. त्यांच्या मते त्यांना तलावावर तातडीचं काम निघालं होतं. तलाव त्या दिवशी बंद होता."

उपाय दोन-तीन असतात. झोपेची गोळी देता येते. पण सर रात्री इतके घोरतात की मध्येच त्यांचा श्वास काही सेकंद थांबतो. अशा माणसाला गुंगीची गोळी देण्यात धोका असतो. संपूर्ण बेशुद्ध करण्याबद्दल भूलतज्ज्ञांना विचारले, तर एका दाढेसाठी तेवढी जोखीम घ्यायला ते नाखूश होते. उरला वायू. तो नाकावरच्या छोट्या मास्कमधून देतात. माणूस जागा राहतो, बोलतो, सांगितलेले ऐकतो, फक्त भीतीची धार बोथट होते. आणि वायू बंद केला की पाच मिनिटांत पूर्ववत. सरांसाठी याहून योग्य साधन मला माहीत नव्हते.

दुसरी खेप कशी झाली ते वर लिहिले आहे. घड्याळाची चूक दाखवून दिल्यावर सरांनी सुई पाहिली आणि जबडा असा मिटला की माझी बोटे थोडक्यात वाचली.

त्यांना घरी पाठवल्यावर मी आणि माझी मदतनीस यंत्राभोवती उभ्या राहिलो. ती बावीस वर्षे हे काम करते आहे. "तोंड उघडा. अजून. बस्स. हलायचं नाही," हे ती अशा स्वरात सांगते, की शेजारच्या खोलीतले पेशंटसुद्धा तोंड उघडून स्तब्ध बसतात. म्हणून तिचे नाव कॅप्टन.

"सिलिंडर रिकामं असेल, मॅडम."

"सकाळी त्या मुलीला पुरलं की."

"मग मधेच संपलं असेल."

काट्यावर सिलिंडर पाऊण भरलेले दिसत होते. पण काटा हा साक्षीदार झाला, पुरावा नव्हे. म्हणून कॅप्टनलाच खुर्चीत बसवले, नवा मास्क लावला आणि सरांना दिले तेच प्रमाण सुरू केले. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडता, पण मनानं चांगल्या आहात." मी वायू बंद केला. यंत्र निर्दोष होते.

मग नाक. नाक चोंदलेले असेल तर मास्कचा उपयोग शून्य. बाईंना सांगून सरांना दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांसाठी बोलावले. सुई दिसणार नाही, अशी लेखी हमी त्यांनी मागितली आणि मी ती केसपेपरच्या मागे लिहून दिली. दात तपासायचा छोटा आरसा मी त्यांच्या नाकपुड्यांखाली धरला. दोन्ही बाजूंनी आरशावर वाफेचे सारखे दोन डाग उमटले. म्हणजे नाक मोकळे होते, दोन्हीकडून होते आणि सर त्यातून श्वास चालवत होते. मी तसे लिहून ठेवले.

तिसरी गोष्ट यंत्राची पिशवी. वायूच्या वाटेवर एक रबरी पिशवी असते, साधारण पपईएवढी. पुरवठा कमी पडला तर ती चपटी होते. सरांच्या वेळी ती कशी होती, असे मी कॅप्टनला विचारले.

"एकदम टम्म, मॅडम. कध्धी चपटी झाली नाही."

म्हणजे पुरवठाही भरपूर होता. तेही मी लिहून ठेवले: पुरवठा पुरेसा.

सरांची स्वतःची उपपत्ती तयार होतीच. "डॉक्टर, माझी फुप्फुसं साध्या माणसाची नाहीत. तुमचं यंत्र साध्या माणसांसाठी बनवलंय. ते मला कमी पडतं."

"फुप्फुसं मोठी असती तर वायू जास्त गेला असता, कमी नाही," सोबत आलेल्या बाई म्हणाल्या. "मोठी आहे ती तुमची भीती."

"मी घाबरत नाही. मला सुई आवडत नाही."

"मला पाल आवडत नाही, तसंच ना? मी टेबलावर चढते, तुम्ही जिना उतरता. फरक दिशेचा."

कॅप्टनचे म्हणणे वेगळेच होते: काही माणसांना वायू चढतच नाही, त्यांचा पिंडच तसा. हे ऐकायला बरे वाटते, पण याने काहीच सांगितले जात नाही. 'पिंडच तसा' म्हणजे 'कारण ठाऊक नाही', फक्त आवाज चढवून. नायट्रस ऑक्साइड रक्तात पोचले तर कमीअधिक परिणाम करतेच. सरांवर तो शून्य होता आणि नाडी तर उलट चढली होती. तेव्हा एक तर रसायनशास्त्र चुकत होते किंवा मी. शक्यता कुठल्या बाजूला झुकते, हे मला कळत होते. पण मी कुठे चुकते आहे ते सापडत नव्हते.

दरम्यान तिसऱ्यांदा गाल सुजला. नव्या एक्स-रेमध्ये मुळाखालचे हाड आणखी विरळ झालेले दिसले. मी सरांना सरळ सांगितले: शुक्रवारी झाले तर झाले. नाहीतर दाढ काढावी लागेल, आणखी थांबले तर संसर्ग जबड्यात उतरेल.

"मग काढूनच टाका," सर उदारपणे म्हणाले.

"काढायलासुद्धा सुई लागते, सर."

त्यांनी नजर छताकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच असे काही पाहिले, ज्याची थट्टा करता आली नसती. मग हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मी मुद्दाम नाही करत हो. मी बसून राहायचं ठरवूनच येतो. पाय उठतात."

"शुक्रवारी मी आत बसणार," बाई म्हणाल्या.

नातेवाइकांना मी उपचाराच्या खोलीत बसू देत नाही. ते पेशंटपेक्षा जास्त कळवळतात आणि अधूनमधून घेरी येऊन पडतात. हे मी बाईंना सांगितले.

"मी छत्तीस वर्षं यांच्यासोबत काढली. घेरी यायची असती तर आधीच आली असती," त्या म्हणाल्या. तो विषय तिथेच मिटला.

शुक्रवारी बाईंना कुठे बसवायचे हा प्रश्न पडला, कारण खोली लहान. खुर्चीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कॅप्टन, पायांशी दिव्याचा खांब. शेवटी त्यांना सरांच्या डोक्यामागे, यंत्राच्या शेजारी स्टूल दिले. तिथून त्यांना सरांचा चेहरा दिसत नव्हता, सुई दिसत नव्हती. दिसत होती ती फक्त यंत्राची मागची बाजू. मला वाटले, बरेच झाले.

मास्क लावला. आधी नुसता ऑक्सिजन, मग दर मिनिटाला दहा टक्के वायू वाढवत चाळीसपर्यंत. सरांनी डोळे मिटले, तोंड अर्धे उघडे ठेवले आणि अतिशय संथ, एकसारखा श्वास सुरू केला. दिसायला आदर्श पेशंट. नाडी ९८, १०४, ११०.

"कसं वाटतंय, सर?"

"घड्याळ दुरुस्त केलंत."

"आणखी काही?"

"सुई ट्रेमध्ये निळ्या कापडाखाली आहे."

ती तिथेच होती. नाडी ११६.

"ही पिशवी कशासाठी आहे गं?" डोक्यामागून बाईंचा आवाज आला.

मी सांगितले. पुरवठ्यासाठी, बाई. माणूस त्यातून श्वास घेतो. भरलेली असली म्हणजे ठीक.

"भरलेली आहे."

"हो ना."

"अगं, भरलेलीच आहे. मी सहा मिनिटं बघतेय, ती हलत नाही. यातून कुणी श्वास घेत असेल तर घेताना ती आत जायला हवी ना? की तुमच्या शास्त्रात तसं नसतं?"

माझ्या हातात सिरिंज होती ती मी खाली ठेवली. यंत्राशी जाऊन पाहिले. पिशवी टम्म फुगलेली, दुकानात टांगलेल्या फुग्यासारखी स्थिर. सरांची छाती वर-खाली होत होती, पिशवी ढिम्म. खरे तर तिने प्रत्येक श्वासाला आत खेचले जायला हवे आणि पुन्हा भरायला हवे. विद्यार्थिदशेत मला हे शिकवले होते. 'चपटी नाही ना' एवढे पाहायची सवय लागली आणि 'हलते ना' हे पाहायचे राहून गेले.

"कॅप्टन, कापूस."

कॅप्टनने कापसाचा एक तंतू ओढून दिला. मी वायू शून्यावर आणून मास्क काढला आणि तो तंतू सरांच्या नाकाखाली धरला.

"सर, आत्ता घेत होता तसाच श्वास घ्या."

तंतू बाहेर उडाला. मग शांत लोंबकळला. पुन्हा बाहेर उडाला. पुन्हा लोंबकळला. नाकाकडे तो एकदाही ओढला गेला नाही. मग मी तो ओठांपुढे धरला. पुढच्या श्वासाला तो सरळ तोंडात गेला आणि सरांना ठसका लागला.

"सर, तुम्ही तोंडानं श्वास घेताय."

"मग कशानं घेऊ?" सर खोकत म्हणाले. "तोंडानं आत, नाकानं बाहेर. असाच असतो श्वास. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. पाण्याच्या वर तोंड काढून घ्यायचा, पाण्याखाली नाकानं सोडायचा. नाकानं घेतलात की पाणी थेट मेंदूत."

"मेंदूत नाही जात," बाई म्हणाल्या.

"अगं, तसं वाटतं."

"आणि इथे पाणी कुठाय?"

"पाणी नसलं तरी भीती वाटली की मी तीच लय धरतो, त्यानं..." सर थांबले. कॅप्टनने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे, लोकांना भीती वाटली की त्यांना धरायला सांगतो, असं म्हणायचं होतं मला."

"कळलं आम्हाला," बाई म्हणाल्या.

आता उपाय सोपा होता, निदान मला तसे वाटले. "सर, तोंड मिटा आणि फक्त नाकानं श्वास घ्या." मास्क पुन्हा लावला. सरांनी आज्ञाधारकपणे तोंड मिटले. पिशवी हलली नाही. वीस सेकंद. चाळीस सेकंद.

"मॅडम, पेशंट श्वासच घेत नाहीये!" कॅप्टन घाबरी झाली.

"तोंड मिटलं म्हणजे त्यांच्या हिशेबी ते पाण्याखाली गेले," बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "यात त्यांचा विक्रम तीन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. वाट बघू नकोस, तुझी सकाळ जाईल."

सव्वा मिनिटाला मीच त्यांना वर बोलावले. त्यांनी तोंडाने मोठा श्वास घेतला. मग 'आत नाकाने, बाहेर तोंडाने' असे मोजून देऊन पाहिले. तीन श्वास जमले, चौथ्याला गाडी मूळ रुळावर. पाचव्याला ते दोन्हीकडून एकदम घेऊ लागले. नाडी १२०. चौतीस वर्षांची सवय सूचनांनी मोडत नाही, आणि घाबरलेल्या माणसाची तर नाहीच. मी हात टेकण्याच्या बेतात होते.

"तो मास्क इकडे आण," बाई म्हणाल्या. त्यांनी तो नाकाशी धरून हुंगला, माझ्याकडे परत दिला आणि मी तो सरांना लावेपर्यंत थांबल्या. हे मास्क वेगवेगळ्या सुगंधांचे मिळतात. मुलांना आवडतात म्हणून मी तेच ठेवते. कॅप्टनने त्या दिवशी संत्र्याचा काढला होता.

"अहो," बाई म्हणाल्या, "याला लिंबाचा वास आहे."

सरांनी एकदा हुंगले. पिशवी आत गेली.

"लिंबू कसलं? संत्रं आहे."

"लिंबू."

पुन्हा हुंगले. पिशवी आत गेली, बाहेर आली. "संत्रं! तुला वासातलं काय कळतं? परवा दूध करपलं ते कुणी ओळखलं?"

"करपवलं कुणी, ते आधी सांगा. हे लिंबूच आहे. नीट बघा."

सरांनी नीट पाहिले, म्हणजे खोल, लांब, नाकाने. मी एक अक्षर न बोलता बटण दहावर नेले. वास घ्यायचा तर श्वास नाकानेच आत ओढावा लागतो. यात तालीम, इच्छाशक्ती, भीती, कशाचाही संबंध नाही.

"सालीचा वास आहे. संत्र्याची साल," सर म्हणाले. हुंगले. "किंचित गोडसर."

"गोडसर म्हणजे लिंबाचं सरबत."

हुंगले. "सरबताला साल नसते गं."

मी वीसवर नेले. मग तीस. नवरा-बायकोचा वाद इतक्या अचूक मात्रेत औषध पोचवू शकतो, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. दर तीन-चार सेकंदांनी पिशवी आत-बाहेर होत होती आणि कॅप्टन तिच्याकडे तोंडाचा आ करून बघत होती. नाडी ११०. १००. ९१. सरांची बोटे, जी खुर्चीच्या हातात रुतली होती, एक-एक करून सुटली.

"संत्रं," सर सावकाश म्हणाले. "पण... लिंबूही वाईट नाही."

"मग लिंबू म्हणा."

"तू म्हणतेस तर... तुझंच बरोबर असेल."



"अगं, लवकर सुई घे," बाई कुजबुजल्या. "चढलंय. हे वाक्य मी छत्तीस वर्षांत ऐकलेलं नाही."

नाडी ८२. मी इंजेक्शन दिले. सरांनी डोळे उघडून ते पाहिले आणि पुन्हा मिटले. भूल चढल्यावर दाढेभोवती रबरी पडदा ताणला. त्यानंतर तोंडाने श्वास घ्यायला तसाही फारसा वाव उरत नाही, आणि भीती ओसरल्यामुळे पोहण्याची लय धरायचे सरांना कारणही नव्हते. दाढेत चार नळ्या निघाल्या. पू निघाला, नळ्या साफ झाल्या, आत औषध भरले. सव्वा तास लागला. कॅप्टन सव्वा तास पिशवी पाहत होती आणि दर पाच मिनिटांनी, कोणी न विचारता, "हलतेय, मॅडम," असे सांगत होती.

शेवटी पाच मिनिटे नुसता ऑक्सिजन दिला. सर उठून बसले. जिभेने दाढ चाचपली. मग गाल.

"आहे?"

"आहे, सर. पुढच्या शुक्रवारी नळ्या बुजवायच्या. मग ती तुम्हाला पुरेल."

त्यांनी एकदा माझा हात धरला, लगेच सोडला आणि घसा साफ केला. "यंत्र शेवटी दुरुस्त केलंत म्हणायचं."

"यंत्र ठीकच होतं," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काय झालं होतं ते नीट लिहून ठेव. आणि आरशाचं काय, तेही लिही."

ते असे. पोहण्याच्या सवयीने सर घाबरले की तोंडाने श्वास घेत आणि नाकाने सोडत. वायू फक्त नाकावरच्या मास्कमधून येत असल्यामुळे तो त्यांच्या फुप्फुसांत गेलाच नाही. भीती वाढेल तशी ही लय पक्की होत गेली आणि नाडी चढत राहिली. आरशावर वाफ धरते ती बाहेर पडणाऱ्या श्वासाची. आत जाणाऱ्या श्वासाबद्दल आरसा काही सांगत नाही. त्यावरून पेशंट नाकाने श्वास घेतो असा निष्कर्ष मी काढला, तो चूक होता. पिशवी भरलेली राहिली, कारण तिच्यातून कोणी श्वास घेत नव्हते.